वक्रदर्शन, गृह-तपासणी आणि रुग्णाचे जीवनमान : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
सरळ रेषा वाकड्या, तुटक किंवा लाटेसारख्या दिसणे हे दृष्टिपटलाच्या मध्यभागातील विकाराचे महत्त्वाचे लक्षण आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या लक्षणाला 'वक्रदर्शन' असे म्हटले आहे. हे लक्षण घरच्या घरी तपासण्याची साधने कागदी जाळीपासून स्मार्टफोनपर्यंत कशी विकसित झाली, याचा आढावा येथे घेतला आहे. भारतातील अंधत्व निवारणाची मोजपट्टी प्रामुख्याने अक्षरवाचनावर आधारलेली राहिल्यामुळे वक्रदर्शन सार्वजनिक नोंदीबाहेर कसे राहिले, याचीही चर्चा परभणी जिल्ह्यातील पेडगावसारख्या गावाच्या संदर्भात केली आहे.

प्रस्तावना :
परभणी तालुक्यातील पेडगाव हे परभणी–मनमाड लोहमार्गावरील एक गाव आहे. भीमाकाठचे, श्रीगोंदे तालुक्यातील इतिहासप्रसिद्ध पेडगाव निराळे. 'वेड पांघरून पेडगावला जाणे' ही म्हण मात्र मराठी मुलखात सर्वत्र रूढ आहे. समजत असूनही न समजल्याचे सोंग करणाऱ्यास उद्देशून ती वापरली जाते. वक्रदर्शनाचा रुग्ण नेमक्या याच संशयाचा धनी होतो. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदूसारखे पांढरे काही दिसत नाही, तो आधाराशिवाय चालतो, माणसे बऱ्यापैकी ओळखतो. आणि तरीही दाराची चौकट वाकडी दिसते, पोथीतील ओळ मध्येच खचते, समोरच्या माणसाचे नाक-डोळे जागेवर दिसत नाहीत, अशी तक्रार करतो. घरच्यांना ते वयाचे चोचले वाटतात. डोळ्यांची तपासणी केली तर तक्त्यावरील बऱ्याच ओळी तो वाचून दाखवतो.

अशा रुग्णाचे म्हणणे पुरावा म्हणून केव्हापासून ग्राह्य धरले गेले, कोणत्या साधनाने धरले गेले आणि शासकीय आरोग्यव्यवस्थेच्या हिशेबात त्याला स्थान मिळाले काय, हे प्रश्न वैद्यकशास्त्राइतकेच इतिहासाच्याही कक्षेत येतात. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासात दुष्काळ, शेती, शिक्षण, मुक्तिसंग्राम या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने आरोग्याचा, आणि त्यातही दृष्टीचा, इतिहास दुर्लक्षित राहिला आहे.

उद्दिष्टे :
१. वक्रदर्शनाच्या तपासणीची साधने कालक्रमानुसार मांडणे.
२. मोतीबिंदू शिबिरांच्या कालखंडात दृष्टीची कोणती व्याख्या प्रमाण मानली गेली, ते पाहणे.
३. स्मार्टफोनद्वारे होणाऱ्या गृह-तपासणीचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे.
४. ग्रामीण रुग्णाचे जीवनमान मोजण्याच्या पद्धतींचा विचार करणे.

दृष्टीच्या दोन मोजपट्ट्या :
आधुनिक नेत्रवैद्यकाचा पाया १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी तयार केलेल्या नेत्रदर्शकाने घातला गेला. जिवंत माणसाचे दृष्टिपटल प्रथमच वैद्याला दिसू लागले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८६२ मध्ये, डच नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी अक्षरांचा तक्ता प्रसिद्ध केला. 'सहा बाय सहा', 'सहा बाय साठ' ही आज खेड्यातील चष्म्याच्या दुकानातही ऐकू येणारी भाषा त्या तक्त्याचीच देणगी होय. योगायोगाची बाब अशी की, त्याच वर्षी जर्मन नेत्रवैद्य रिचर्ड फर्स्टर यांनी दृष्टिपटलाखालील दाहाच्या रुग्णांना आकृत्या विकृत दिसतात, याचे वर्णन केले. 'किती बारीक दिसते' आणि 'जसे आहे तसे दिसते काय' हे दोन्ही प्रश्न अशा रीतीने एकाच वर्षी ग्रंथनिविष्ट झाले. पैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देता येत होते, म्हणून तो जगभर पसरला. दुसऱ्याचे उत्तर केवळ रुग्णाच्या तोंडून मिळत होते, म्हणून तो तज्ज्ञांपुरता मर्यादित राहिला.

वक्रदर्शनाचे कारण समजावून घेणे येथे आवश्यक आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू नावाचा अत्यंत संवेदनशील भाग असतो. वाचन, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे त्याच्यामुळेच शक्य होतात. वयोमानामुळे किंवा मधुमेहामुळे या भागात द्रव साचला, अथवा त्याच्यावर पातळ पापुद्रा तयार होऊन तो आक्रसला, तर प्रकाशग्राही पेशी मूळ जागेवरून सरकतात. मेंदू मात्र त्या पेशी पूर्वीच्याच जागी आहेत असे समजून चित्र जुळवतो. परिणामी सरळ रेषा वाकडी भासते. या अवस्थेत अक्षरवाचनाची क्षमता काही काळ बऱ्यापैकी टिकून राहू शकते. म्हणूनच अक्षरांचा तक्ता या विकाराचा आरंभ पकडण्यास अपुरा पडतो.

ही उणीव भरून काढण्याचे श्रेय स्विस नेत्रवैद्य मार्क अ‍ॅम्स्लर (१८९१–१९६८) यांना जाते. १९४० च्या दशकात त्यांनी दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा, पाच मिलिमीटरच्या चारशे चौकटींचा आणि मध्यभागी ठिपका असलेला तक्ता वापरात आणला. एक डोळा झाकून, तीस सेंटिमीटर अंतरावरून, ठिपक्याकडे पाहत रुग्णाने रेषा कुठे वाकतात वा नाहीशा होतात ते सांगायचे, अशी ही साधी पद्धत होती. १९५३ मध्ये त्यांचा या विषयावरील लेख इंग्रजी नेत्रवैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर तिचा प्रसार वाढला. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स यानुझी यांनी रुग्णाने स्वतःच वापरावी अशी सुधारित जाळी सुचवली. या तक्त्याचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या स्वस्ताईपुरते नाही. रुग्णाची जी तक्रार 'भास' म्हणून उडवून लावता येत असे, ती आता कागदावर बोट ठेवून दाखवता येऊ लागली.

तथापि अ‍ॅम्स्लर जाळीचीही मर्यादा होती. मेंदू रिकाम्या जागा आपोआप भरून काढत असल्याने अनेक रुग्णांना जाळीतील दोष जाणवतच नाहीत, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शूचार्ड यांच्या संशोधनाने स्पष्ट केले. जाळी निर्दोष दिसली म्हणजे डोळा निर्दोष आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

शिबिरांचा कालखंड आणि सुटलेली नोंद :
परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतर त्याचे सध्याचे नऊ तालुक्यांचे स्वरूप निश्चित झाले. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. उच्च वैद्यकीय उपचारासाठी या जिल्ह्यातील रुग्ण दीर्घकाळ औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, नांदेड, नाही तर थेट हैदराबाद, पुणे वा मुंबई गाठत असे. परभणी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२३ मध्ये.

केंद्र शासनाने १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. देशातील अंधत्वाचे प्रमुख कारण मोतीबिंदू हेच असल्याने शस्त्रक्रियांची संख्या हे कार्यक्रमाचे मुख्य परिमाण ठरले आणि ते त्या काळी योग्यही होते. शाळा, धर्मशाळा, मंगल कार्यालये येथे नेत्रशिबिरे भरू लागली. मराठवाड्यात पुढे जालना येथील गणपती नेत्रालय, उदगीर येथील लायन्स नेत्र रुग्णालय यांसारख्या संस्थांनी हे काम विस्तारले. लातूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून आणि राज्यभरातील शिबिरांतून केलेल्या शस्त्रक्रियांबद्दल त्यांना २००८ मध्ये पद्मश्री देण्यात आली. २०१७ मध्ये राज्य शासनाने मोतीबिंदूमुक्त महाराष्ट्राचे अभियान हाती घेतले. हा सर्व इतिहास महाराष्ट्राला भूषणावह आहे, यात शंका नाही.

परंतु या इतिहासाची एक बाजू क्वचितच मांडली जाते. कृत्रिम भिंगाचे रोपण सर्वत्र रूढ होण्यापूर्वी शिबिरात डोळ्यातील पिकलेले भिंग काढून टाकले जाई व रुग्णाला जाड भिंगाचा चष्मा दिला जाई. या चष्म्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसत, सरळ रेषा कडेला वाकत, आणि चष्म्याच्या परिघालगत वर्तुळाकार आंधळा पट्टा निर्माण होई. उंबरठा ओलांडताना, विहिरीच्या पायऱ्या उतरताना किंवा पेला हातात घेताना अंदाज चुके. तरीही तक्त्यावरील ओळी वाचता आल्या की शस्त्रक्रिया 'यशस्वी' अशी नोंद होत असे. भिंगामुळे होणारी ही विकृती आणि पीतबिंदूच्या विकाराने होणारे वक्रदर्शन यांची कारणे भिन्न आहेत, हे खरे. मात्र दोन्ही प्रसंगी अक्षरवाचन हीच दृष्टी मानली गेल्यामुळे वाकडी दिसणारी रेषा नोंदवहीत आली नाही, हे साम्य लक्षणीय आहे.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त कृत्रिम भिंगे उपलब्ध करून दिली होती. या दोन्हींमुळे जाड चष्म्याचे युग संपुष्टात आले. अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (२००७–१२) मधुमेही दृष्टिपटलविकार, काचबिंदू आदी आजारांसाठीही कार्यक्रमात साहाय्याची तरतूद झाली. तरीही मोजपट्टी मूलतः तीच राहिली. २०१५–१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के, तर पन्नास वर्षांवरील व्यक्तींत १.९९ टक्के आढळले. या वयोगटातील अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू हेच होते. हे आकडे धोरणासाठी मोलाचे आहेत. पण 'सहा बाय नऊ' वाचणारी आणि तरीही धान्य निवडताना खडा न दिसणारी स्त्री अशा आकड्यांत सुदृष्ट म्हणूनच गणली जाते.

उपचार आल्यानंतर बदललेला काळाचा अर्थ :
वक्रदर्शन वेळीच ओळखण्याला व्यावहारिक महत्त्व आले ते उपचार उपलब्ध झाल्यावर. १९९१ मध्ये दृष्टिपटलाच्या थरांची प्रतिमा घेणारे ओसीटी तंत्र जाहीर झाले. २००५ च्या सुमारास बेव्हॅसिझुमॅब हे मूळ कर्करोगावरील औषध डोळ्यात टोचण्यास प्रारंभ झाला. २००६ मध्ये रॅनिबिझुमॅब या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेतील तुलनात्मक चाचणीने २०११ मध्ये दोन्ही औषधांचा दृष्टीवरील परिणाम जवळपास सारखाच असल्याचे दाखवले. भारतात २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबची देशी जैवसदृश आवृत्ती बाजारात आली.

मोतीबिंदू आणि हा विकार यांतील भेद येथे स्पष्ट होतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एकदा होते आणि काही महिने थांबल्यास सहसा कायमचे नुकसान होत नाही. 'मोती पिकू द्या, मग काढू' हे वाक्य एके काळी वैद्यकीय सल्ल्याचाच भाग होते. पीतबिंदूखाली नव्या रक्तवाहिन्या वाढून द्रव झिरपू लागल्यावर मात्र काही आठवड्यांचा विलंबही कायमचा डाग मागे ठेवू शकतो. शिवाय इंजेक्शन वारंवार घ्यावे लागते आणि आजार पुन्हा उफाळतो काय, हे पाहत राहावे लागते. शिबिराची पद्धत वर्षातून एकदा गावात येते. या आजाराला मात्र दर आठवड्याची नजर हवी. म्हणजे तपासणीचे ठिकाण रुग्णालयातून घरात हलणे, ही आजाराच्या स्वरूपातूनच आलेली गरज होती.

स्मार्टफोनवरील गृह-तपासणी :
या गरजेतून निर्माण झालेल्या साधनांपैकी पहिले महत्त्वाचे साधन स्मार्टफोन नव्हते. एका ओळीतील ठिपक्यांमध्ये झालेला अत्यल्प बाक ओळखण्याची डोळ्याची सूक्ष्म क्षमता वापरणारे 'फोरसीहोम' हे टेबलावर ठेवण्याचे यंत्र होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत १,५२० व्यक्तींचा सहभाग होता. नव्या रक्तवाहिन्यांचा आजार ओळखला गेला त्या वेळी यंत्र वापरणाऱ्या गटाने मध्यमान चार अक्षरे गमावली होती, तर नेहमीच्या पद्धतीने लक्ष ठेवणाऱ्या गटाने नऊ. तक्त्यावरील एक ओळ पाच अक्षरांची असते, हे लक्षात घेतल्यास हा फरक एका ओळीचा ठरतो.

जपानमध्ये मात्सुमोतो व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ठिपक्यांच्या रेषांचे एम-चार्ट मांडून वक्रदर्शनाला प्रथमच व्यवहार्य असा आकडा दिला होता. स्मार्टफोनच्या प्रसारानंतर हीच तत्त्वे पडद्यावर आली. २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या 'मायव्हिजनट्रॅक' या अ‍ॅपमध्ये काही वर्तुळांपैकी किंचित विकृत वर्तुळ ओळखून त्यावर बोट टेकवायचे असते. स्वित्झर्लंडमध्ये विकसित झालेल्या 'अ‍ॅलआय'मध्ये ठिपका इतर ठिपक्यांच्या सरळ रेषेत आणून ठेवायचा असतो. अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीलाही अशी चाचणी तत्त्वतः देता येते, ही ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची बाब होय.

मात्र उत्साहाला आवर घालणारे संशोधनही उपलब्ध आहे. ब्रिटनमधील 'मोनार्क' अभ्यासात कागदी नोंदवही आणि दोन अ‍ॅप अशी तीन साधने उपचाराधीन रुग्णांच्या घरी देण्यात आली. आजार पुन्हा सक्रिय झाला किंवा नाही, हे रुग्णालयातील तपासणीऐवजी केवळ त्यांच्या आधारे ठरवावे इतकी अचूकता यांपैकी एकाही साधनात आढळली नाही. म्हणजे फोन हा इशारा देऊ शकतो, निदान करू शकत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर स्मार्टफोन आणि दृष्टिपटल यांचा संबंध वेगळ्या मार्गाने जुळला. मुंबईतील डॉ. एस. नटराजन व सहकाऱ्यांनी महानगरपालिकेच्या दवाखान्यांत मधुमेही रुग्णांच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे स्मार्टफोनवर आधारित कॅमेऱ्याने घेतली आणि इंटरनेटविना चालणाऱ्या संगणकीय प्रणालीने त्यांचे परीक्षण केले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुढील उपचारासाठी पाठवण्याजोगे रुग्ण ओळखण्याची संवेदनक्षमता १०० टक्के आणि विशिष्टता ८८.४ टक्के आढळली. येथे छायाचित्र आरोग्यसेवक घेतो. रुग्णाला काही सांगावे लागत नाही. पाश्चात्त्य अ‍ॅपमध्ये मात्र रुग्ण स्वतः निरीक्षक असतो. पहिल्या पद्धतीत डोळा बोलतो, दुसरीत माणूस. दोन्हींची सांगड घातल्याशिवाय खेड्यातील रुग्णाचे चित्र पूर्ण होत नाही.

जीवनमान कोणत्या प्रश्नांनी मोजावे? :
अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने २००१ मध्ये पंचवीस प्रश्नांची दृष्टिकार्य प्रश्नावली प्रसिद्ध केली. दृष्टिविकाराचा परिणाम रुग्णाच्या जगण्यावर किती होतो, हे मोजण्यासाठी ती जगभर वापरली जाते. तिच्यात मोटार चालवणे, नाटक-चित्रपट पाहणे अशा प्रश्नांना स्थान आहे. भारतीय संशोधकांनी नेत्ररुग्णांशी गटचर्चा करून तेहतीस प्रश्नांची भारतीय दृष्टिकार्य प्रश्नावली तयार केली व २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सामान्य कामकाज, मनोसामाजिक परिणाम आणि दृष्टिविषयक लक्षणे असे तिचे तीन भाग आहेत. रुग्णाच्या भाषेतून प्रश्न घडवण्याचा हा प्रयत्न भारतीय आरोग्य-संशोधनातील महत्त्वाचा टप्पा मानावा लागेल.

परभणी जिल्ह्यासारख्या कापूस, सोयाबीन, ज्वारी पिकवणाऱ्या प्रदेशात हा विचार आणखी पुढे नेता येतो. कापसाची वेचणी, सुपातील धान्य निवडणे, फवारणीच्या औषधाचे माप, एसटीची पाटी, नोटांची ओळख, एकादशीला हरिपाठाचे पुस्तक उघडणे ही येथील दृष्टीची खरी परीक्षा होय. पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याला सरळ तासाचा अभिमान असतो. त्याच्या दृष्टीने तासाची ओळ हीच अ‍ॅम्स्लरची रेषा. अडचण एवढीच की दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा बिघडलेल्या डोळ्याचा दोष झाकून टाकतो. एक डोळा झाकून पाहण्याची सवय नसल्याने आजार पुष्कळ पुढे गेल्यावरच लक्षात येतो.

येथे आणखी एका सामाजिक वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पाश्चात्त्य संशोधनात स्मार्टफोन ही वैयक्तिक वस्तू गृहीत धरलेली असते. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेटमुळे खेडोपाडी स्मार्टफोन पोहोचला, तरी अनेक घरांत तो मुलाचा वा नातवाचा असतो. वृद्ध आईची साप्ताहिक तपासणी फोनच्या मालकाच्या सवडीवर अवलंबून राहते. तो कामासाठी पुण्याला गेला की तपासणीही थांबते. आणि फोनने इशारा दिला तरी पेडगावहून परभणी, तेथून संभाजीनगर वा नांदेड असा प्रवास, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि दर वेळच्या इंजेक्शनचा खर्च हा हिशेब शिल्लक राहतोच. पुढे उपचाराची वाट नसेल, तर आधी मिळालेला इशारा रुग्णाची काळजी तेवढी वाढवतो. जीवनमान वाढवत नाही.

निष्कर्ष :
१. अक्षरवाचन आणि वक्रदर्शन हे दोन्ही विषय १८६२ मध्येच वैद्यकीय लेखनात आले. परंतु सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने पहिल्यालाच दृष्टीचे प्रमाण मानले.
२. मोतीबिंदू शिबिरांच्या यशाने लाखो लोकांना दृष्टी दिली. त्याच वेळी 'एक शस्त्रक्रिया, एक नोंद' ही चौकट दृढ केली. सतत देखरेख लागणारे आजार तिच्यात बसले नाहीत.
३. स्मार्टफोनवरील चाचण्या उपयुक्त असल्या तरी रुग्णालयीन तपासणीस पर्याय ठरत नाहीत.
४. जीवनमानाचे मापन स्थानिक श्रम, भाषा व कुटुंबरचना लक्षात घेऊनच केले पाहिजे.

समारोप :
२००५ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आलेली आशा कार्यकर्ती, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालयातील नेत्रविभाग ही साखळी आज अस्तित्वात आहे. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक मधुमेही व्यक्तीस एकेक डोळा झाकून दाराची चौकट पाहण्यास शिकवणे आणि चौकट वाकडी दिसल्यास त्याच आठवड्यात पुढे पाठवणे, एवढे काम या साखळीला स्मार्टफोनविनाही करता येईल. फोन उपलब्ध असेल तेथे तो नोंद ठेवण्याचे काम अधिक चोख करील. अ‍ॅम्स्लरच्या कागदाने आणि आजच्या पडद्याने सिद्ध केलेली गोष्ट मुळात एकच आहे : आपल्याला काय दिसते, याचा पहिला साक्षीदार रुग्णच असतो. पेडगावातील एखादी वृद्धा 'रेषा वाकडी दिसते' असे म्हणते तेव्हा ती वेड पांघरून बोलत नसते, एवढे भान आरोग्यव्यवस्थेला आणि तिच्या घरच्यांना येणे, ही दृष्टिरक्षणाच्या पुढील टप्प्याची पहिली पायरी ठरेल.